गोनोरियाचा रेझिस्टन्स ट्रेंड: अनेक वर्षांचा डेटा जोडताना काय आधी करायचं, काय नंतर

कुणीतरी गोनोरियाच्या (लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग) टेस्टिंगची एक्सेल शीट पाठवतं, सोबत वर चढत जाणारा ग्राफ असतो आणि खाली प्रश्न असतो, "अझिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स दुप्पट झालाय, असंच लिहू का?" म्हणजे या अँटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया वाढलेत, असं. मग शीट उघडून बघावं तर बॅक्टेरिया बिचारा होता तिथेच असतो, बदललेली असते ती स्ट्रिप (औषध चढत्या प्रमाणात असलेली टेस्टची पट्टी), नाहीतर ब्रेकपॉइंट (कुठल्या आकड्यापुढे रेझिस्टंट म्हणायचं ती रेघ), नाहीतर नमुने पाठवणारं क्लिनिक. हे इतक्या वेळा झालंय की शेवटी एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. ज्यांच्याकडे निसेरिया गोनोरिया या बॅक्टेरियाचे पाच-दहा वर्षांचे टेस्टिंगचे निकाल पडून आहेत आणि त्यातून ट्रेंड काढायचाय त्यांच्यासाठी हे आहे. कुठलं औषध घ्यावं हे ठरवायला हा लेख वाचू नका, ते डॉक्टरांना विचारा.

## १. कॉम्प्युटर उघडायच्या आधी: कागदावर एक आडवी रेघ

खरंच कागद घ्या. आडवी रेघ मारा, खाली वर्षं टाका आणि त्यावर हे सगळं मांडा: कुठल्या वर्षी डिस्कवरून (औषधाची चकती, जिच्याभोवती किती मिलिमीटर वाढ थांबली ते मोजतात) स्ट्रिपवर आलात, कधी अगार डायल्यूशन (प्लेटमध्येच औषध दुप्पट-दुप्पट प्रमाणात मिसळून मोजणं) केलं, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) किंवा कंपनी कधी बदलली, रिपोर्ट कुठल्या स्टँडर्डने दिले (अमेरिकेचं सीएलएसआय की युरोपचं युकास्ट, आणि कुठल्या वर्षीची आवृत्ती), नमुने कुणाकडून यायचे आणि ते कधी बदललं, आणि उपचाराची गाइडलाइन कधी बदलली. ही रेघ शेवटपर्यंत टेबलावर ठेवायचीये. ग्राफमध्ये उडी दिसली की पहिली नजर या कागदावर टाकायची, बॅक्टेरियाकडे नंतर.

दुसरं म्हणजे मूळ एमआयसी आकडे मिळवा, म्हणजे औषधाच्या कुठल्या कमीत कमी प्रमाणात वाढ थांबली तो आकडा (इथे सगळीकडे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). नुसतं "सेन्सिटिव्ह" किंवा "रेझिस्टंट" लिहिलेलं असेल तर ती वर्षं नव्या नियमाने परत वाचता येत नाहीत. जुनी रजिस्टरं कपाटातून काढा. धूळ खा, पण आकडे काढा.

तपासा: कंट्रोल स्ट्रेनचे (पडताळणीसाठी वापरायच्या, एमआयसी आधीच माहीत असलेल्या बॅक्टेरियाच्या वाणाचे) निकाल प्रत्येक वर्षाचे आहेत का? एटीसीसी ४९२२६ हा वाण वापरत असाल तर सेफ्ट्रिॲक्सोन ०.००४ ते ०.०१५ मध्ये यायला हवं, पेनिसिलिन ०.२५ ते १ मध्ये. ज्या वर्षाचे कंट्रोल सापडतच नाहीत ते वर्ष ग्राफमध्ये वेगळ्या रंगात टाका.

## २. नमुने कुणाचे आहेत ते ठरवा

बहुतेक गाड्या इथेच घसरतात, आणि गंमत म्हणजे हे शीटमध्ये दिसतही नाही.

पूर्वी गोनोरियाचं निदान कल्चरवर (नमुन्यातला बॅक्टेरिया प्लेटवर वाढवून) व्हायचं म्हणजे जवळपास प्रत्येक पॉझिटिव्ह पेशंटचा जिवंत बॅक्टेरिया लॅबमध्ये यायचा. आता निदान बऱ्याच ठिकाणी न्यूक्लिक ॲसिड टेस्टवर (जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी) होतं, जी लघवीच्या नमुन्यावरही चालते, पण त्यातून एमआयसी मिळत नाही. मग कल्चर कुणाचं पाठवलं जातं? औषध देऊनही बरं न झालेल्याचं. म्हणजे जुन्या वर्षांत सगळे पेशंट आणि नव्या वर्षांत फक्त अडलेले पेशंट. रेझिस्टन्सचे टक्के चढणारच की! बॅक्टेरियाने काही न करता.

यावर उपाय अमेरिकेच्या जीआयएसपी नावाच्या निगराणीतून शिकण्यासारखा आहे. १९८६ पासून तिने वर्षानुवर्षं एकच साधा नियम पाळला: ठरलेल्या क्लिनिकमधून दर महिन्याला मूत्रमार्गाचा गोनोरिया असलेल्या पहिल्या २५ पुरुषांचे नमुने. "पहिले २५", म्हणजे कुणीही निवडून पाठवायचं नाही. तुमच्याकडे असा नियम नसेल तर निदान हे तीन कॉलम भरा: नमुना कुठल्या जागेचा (मूत्रमार्ग, गर्भाशयमुख, गुदद्वार, घसा), नमुना का घेतला (पहिली भेट की उपचार फसल्यावर), आणि कुठल्या क्लिनिकचा.

उपचार फसल्यावरचे नमुने मुख्य ट्रेंडमधून बाहेर काढा. फेकू नका, वेगळ्या शीटमध्ये ठेवा, उद्या कामाला येतील. जागेचा आणि क्लिनिकचा कॉलमही सोडू नका, कारण पुरुषांशी लैंगिक संबंध असणाऱ्या पुरुषांच्या नमुन्यांत अझिथ्रोमायसिनची एमआयसी वाढलेली जास्त वेळा सापडलीये, त्यामुळे त्यांच्यासाठीचं एखादं क्लिनिक मध्येच जोडलं गेलं तर अख्खा ट्रेंड वर सरकतो.

थांबा: घशाच्या नमुन्यांवर जास्त लक्ष द्या. घशात निसेरियाच्या निरुपद्रवी जाती नेहमीच राहतात आणि त्यातल्या काहींची एमआयसी बरीच जास्त असते. ओळख एकाच टेस्टवर केलेली असेल आणि एमआयसी आश्चर्यकारक असेल तर आधी ओळख दुसऱ्या वेगळ्या पद्धतीने पक्की करा, मग आश्चर्य करा.

## ३. लॅबमधली मोजणी: पुढच्या वर्षांसाठी आत्ताच नीट करा

जुना डेटा आता सुधारता येत नाही पण पुढचा येतो. हा जंतू नाजूक आहे. वाळला की मेला, थंडीत ठेवला की मेला. म्हणून क्रम असा:

१. स्वॅब डॅक्रॉन किंवा रेयॉनचा घ्या. साध्या कापसात आणि लाकडी काडीत त्याला मारणारे घटक असू शकतात.
२. शक्यतो पेशंटजवळच प्लेटवर टाका. जमत नसेल तर चारकोल असलेला एमीज मीडिया, आणि फ्रिजमध्ये अजिबात नाही. जितक्या लवकर पोचेल तितकं चांगलं, एका दिवसाच्या पुढे जगण्याची शक्यता झपाट्याने पडते.
३. वाढवायला चॉकलेट अगार किंवा थेयर-मार्टिन, ३५ ते ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.
४. एमआयसी टेस्टिंग मात्र चॉकलेट अगारवर करायचं नाही, जीसी अगार बेसमध्ये १ टक्का सप्लिमेंट घालून करायचं. २० ते २४ तासांची ताजी वाढ, ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप), आणि सस्पेन्शन बनवलं की पंधरा मिनिटांत प्लेटवर. हा जंतू स्वतःच फुटायला लागतो, चहा पिऊन आलात की इनोक्युलम (प्लेटवर टाकायचं जंतूंचं द्रावण) पातळ झालेलं असतं आणि एमआयसी खोटी कमी येते.
५. वाचन ठरलेल्या तासाला, भिंगाखाली, आणि शंका असेल तर दोघांनी.

आणि एक गोष्ट जी कुणी करत नाही पण सगळ्यात जास्त उपयोगी पडते: प्रत्येक वर्षाचे थोडे स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० किंवा त्याखाली साठवा. उणे २० वर ठेवलेले काही महिन्यांत मरतात. पद्धत बदलायची वेळ आली की जुन्या-नव्या स्ट्रेनची एकाच दिवशी, एकाच प्लेट बॅचवर टेस्ट करा. दोन पद्धतींत किती फरक आहे ते त्याशिवाय कळत नाही.

## ४. शीट साफ करणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक धावत पार करतात. मी स्वतः इथे तोंडघशी पडलोय. एका शीटमध्ये सेफिक्झिमसाठी "०.१२५ किंवा जास्त" असा फिल्टर लावला आणि मधली दोन वर्षं अगदी स्वच्छ निघाली, जणू रेझिस्टन्स गेलाच. मी ते एका मीटिंगमध्ये दाखवूनही बसलो. नंतर कळलं की त्या दोन वर्षांत नोंदी करणारी व्यक्ती "०.१२" लिहायची आणि आधीची "०.१२५" लिहायची. आकडा तोच, पण एक्सेलला ०.१२ हे ०.१२५ पेक्षा लहान आहे, त्यामुळे सगळे गळून पडले. ०.०६, ०.०६२ आणि ०.०६४ यांचंही तेच. एका पायरीसाठी एकच लिखाण ठरवा आणि फाइंड-रिप्लेस करून सगळे एकाच रूपात आणा, मगच फिल्टर.

त्यानंतर स्ट्रिपचे अधलेमधले आकडे. डायल्यूशनमध्ये दुप्पट-दुप्पटच्या पायऱ्या असतात: ०.०६, ०.१२५, ०.२५, ०.५, १, २. स्ट्रिपवर मध्ये ०.०९४, ०.१९, ०.३८, ०.७५, १.५ असेही असतात. नियम असा की मधला आकडा नेहमी वरच्या पूर्ण पायरीवर न्यायचा, म्हणजे ०.१९ चं ०.२५. वाटतं किरकोळ, पण सेफिक्झिमसाठी ०.२५ ही बऱ्याच ठिकाणी इशारापातळी म्हणून वापरतात. काही वर्षं वर नेलेली आणि काही वर्षं तशीच असतील तर त्या एका पायरीवरचे सगळे स्ट्रेन कधी मोजले जातील कधी नाही, आणि तुमचा ट्रेंड म्हणजे निव्वळ टायपिंगचा इतिहास होईल.

मग "पेक्षा कमी" आणि "पेक्षा जास्त" ची चिन्हं. सेफ्ट्रिॲक्सोनची स्ट्रिप दोन रेंजमध्ये मिळते, एक ०.०१६ ते २५६ आणि दुसरी ०.००२ ते ३२. पहिली वापरली तर सगळे सेन्सिटिव्ह स्ट्रेन ०.०१६ वर ढीग होऊन बसतात कारण त्याखाली मोजताच येत नाही. नंतर दुसरी आणली की तेच स्ट्रेन ०.००४, ०.००८ दाखवायला लागतात आणि सरासरी "सुधारते". दोन रेंज मिसळायच्या असतील तर सगळ्या वर्षांत ०.०१६ आणि त्याखालचे सगळे एकाच गटात टाका. माहिती थोडी जाते, पण तुलना खरी राहते.

शेवटी दुबार नोंदी. एकाच पेशंटच्या एकाच आजारपणात घसा आणि गुदद्वार दोन्हीचे नमुने आले तर ते दोन मोजायचे नाहीत. पण तोच पेशंट पुन्हा संसर्ग घेऊन आला तर तो नवा मोजायचा. चार आठवड्यांचं अंतर ही सोयीची रेघ आहे. कुठलाही नियम ठरवा, पण पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत तोच.

तपासा: साफ केल्यावर प्रत्येक वर्षाचे किती नमुने उरले ते आणि किती वगळले ते, कारणासकट, एका ओळीत लिहून ठेवा. हे नसेल तर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

## ५. सगळ्या वर्षांना एकच ब्रेकपॉइंट

प्रत्येक वर्षी त्या-त्या वेळच्या नियमाने दिलेले "रेझिस्टंट" मोजून टक्के काढणं ही सगळ्यात धडधडीत चूक. अझिथ्रोमायसिनचंच बघा. युकास्टच्या जुन्या नियमात ०.५ च्या वर म्हणजे रेझिस्टंट. २०१९ ला तो ब्रेकपॉइंट काढून त्यांनी १ ही इकॉफ आणली, म्हणजे नैसर्गिक स्ट्रेन कुठे संपतात ती रेघ. त्यामुळे एमआयसी १ असलेला स्ट्रेन २०१८ ला रेझिस्टंट होता आणि २०१९ ला नाही. रात्रीत बरा झाला!

दोन स्टँडर्ड मिसळली तर आणखी वेगळा घोळ. सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.१२५ असेल तर सीएलएसआयमध्ये तो इंटरमीडिएट, युकास्टमध्ये रेझिस्टंट. सेफ्ट्रिॲक्सोनला सीएलएसआयमध्ये रेझिस्टंट असा गटच नाही, फक्त ०.२५ पर्यंत सेन्सिटिव्ह आणि त्यापुढे "नॉन-ससेप्टिबल". युकास्टमध्ये ०.१२५ च्या वर गेलं की रेझिस्टंट.

म्हणून एक स्टँडर्ड निवडा, त्याची आवृत्ती आणि वर्ष लिहा, आणि पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या एमआयसींवर तोच लावा. जुने "आर-एस" वाले कॉलम लपवून टाका, नाहीतर चुकून वापरले जातात.

डिस्कची वर्षं असतील तर मिलिमीटरचं एमआयसीमध्ये रूपांतर करण्याच्या फंदात पडू नका. युकास्टने तर बरीच वर्षं गोनोरियासाठी डिस्कचे निकष दिलेलेच नव्हते. त्या वर्षांचा वेगळा ग्राफ काढा, बस.

## ६. टक्क्यांच्या आधी एमआयसीचा पसारा बघा

टक्का ही शेवटची गोष्ट आहे. आधी प्रत्येक वर्षाचा बार चार्ट काढा, आडव्या अक्षावर एमआयसीच्या पायऱ्या, उभ्यावर किती स्ट्रेन. आता सगळी वर्षं एकाखाली एक ठेवून नुसतं बघत बसा. सेफ्ट्रिॲक्सोनमध्ये रेझिस्टंट टक्का वर्षानुवर्षं शून्यच असू शकतो पण ढीग ०.००४ वरून ०.०१६ कडे, तिथून ०.०३ कडे सरकत असेल तर ती खरी बातमी आहे, आणि टक्क्यांच्या टेबलमध्ये ती दिसणारच नाही.

अझिथ्रोमायसिनमध्ये दोन वेगळी टेकाडं दिसू शकतात आणि त्यांची कारणं वेगळी असतात. २ ते ८ च्या आसपासचं छोटं टेकाड बहुधा एमटीआर या पंपाच्या (जो औषध पेशीबाहेर फेकतो) बदलांमुळे किंवा २३एस आरआरएनएमधल्या (जिथे हे औषध चिकटतं) सी२६११टी बदलामुळे. आणि थेट २५६ ला चिकटलेले स्ट्रेन म्हणजे ए२०५९जी बदल, तोही जीनच्या चारही प्रतींपैकी बहुतेकांत. इंग्लंडमध्ये लीड्सला २०१४ च्या शेवटी असाच २५६ वाला उद्रेक सुरू झाला होता. दोन्ही टेकाडांना एकाच "रेझिस्टंट" टक्क्यात कोंबलं तर हळूहळू सरकणं आणि उद्रेक यातला फरकच पुसला जातो.

सरासरी काढायचीच असेल तर जॉमेट्रिक. समजा नऊ स्ट्रेन ०.२५ चे आणि एक २५६ चा. साधी सरासरी येते २५.८, म्हणजे दहातला एकही स्ट्रेन जिच्या जवळपास नाही असा आकडा. जॉमेट्रिक सरासरी येते ०.५. एक्सेलमध्ये प्रत्येक एमआयसीचा बेस २ चा लॉग घ्या, त्याची सरासरी काढा, आणि २ चा तेवढा घात करा. आणि हो, एका पायरीचा फरक हा टेस्टचाच स्वभाव आहे, तोच स्ट्रेन उद्या परत लावला तर एक पायरी वर-खाली येऊ शकतो. मधली (मीडियन) एमआयसी ०.००८ वरून ०.०१५ झाली म्हणून लगेच घंटा वाजवू नका, तीन-चार वर्षं त्याच दिशेने जातंय का ते बघा, आणि त्याच काळात कंट्रोल स्ट्रेनपण सरकलाय का तेही. कंट्रोल सरकला असेल तर विषय संपला.

## ७. आता टक्के, पण मर्यादांसकट

६० पैकी ३ म्हणजे ५ टक्के, आणि १००० पैकी ५० पण ५ टक्के. पहिल्याची ९५ टक्के मर्यादा (खरा टक्का बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल ते) साधारण १ ते १४, दुसऱ्याची ३.७ ते ६.५. हा फरक महत्त्वाचा का, तर जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे की रेझिस्टन्स ५ टक्क्यांच्या पुढे गेला की ते औषध नेहमीच्या पहिल्या उपचारातून काढायचा विचार करायचा. ६० नमुन्यांवर तो निर्णय देणं म्हणजे नाणं उडवणं. छोट्या लॅबने दोन किंवा तीन वर्षं एकत्र करून टक्का काढावा आणि ग्राफवर प्रत्येक बिंदूला मर्यादेची उभी काडी आणि खाली नमुन्यांची संख्या द्यावी.

ट्रेंडची टेस्ट म्हणून कॉक्रन-आर्मिटेज ठीक आहे, पण ती सरळ रेघ शोधते. अमेरिकेतलं सेफिक्झिम बघा: ०.२५ आणि वरचे स्ट्रेन २००६ ला ०.१ टक्के, २०१० आणि २०११ ला १.४, २०१३ ला ०.४, आणि २०१४ ला परत ०.८. यावर सरळ रेघ ओढली तर वर गेलेलं, खाली आलेलं, पुन्हा वळलेलं सगळं सपाट होतं. आधी डोळ्यांनी बघा, मग टेस्ट निवडा, आणि लागली तर वर्षांचे तुकडे पाडा.

थांबा: सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोनच वर्षं घेऊन "इतक्या पटीने वाढ" लिहू नका. वरच्याच आकड्यांत २००६ आणि २०११ घेतलं तर चौदा पट वाढ, २०११ आणि २०१३ घेतलं तर मोठी घट.

## ८. कारण लिहायच्या आधी पुन्हा तो कागद

आता पहिल्या टप्प्यातली रेघ ग्राफच्या खाली ठेवा. उडी ज्या वर्षी आहे त्याच वर्षी स्ट्रिप बदलली होती? क्लिनिक जोडलं होतं? तसं असेल तर तेच कारण पहिलं लिहायचं. तिथे काहीच नसेल तर मग उपचारांकडे या. अमेरिकेत सेफिक्झिम पहिल्या पसंतीतून ऑगस्ट २०१२ ला निघालं, त्यानंतरची घट त्याच्याशी जुळते. पण "औषध बंद केलं की रेझिस्टन्स उतरतो" असा नियम त्यातून काढू नका, कारण सिप्रोफ्लॉक्सासिन तिथे २००७ ला बंद झालं आणि तरी २०१७ पर्यंत रेझिस्टन्स ३० टक्क्यांजवळ गेला. एखादा क्लोन (एकाच मूळ जंतूची वंशावळ) पसरतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि टक्के त्यांच्यासोबत हलतात. जमत असेल तर प्रत्येक वर्षाच्या जास्त एमआयसीवाल्या थोड्या स्ट्रेनचं जीनोम सिक्वेन्सिंग करून घ्या, निदान पेन-ए जीन (ज्यातल्या बदलांनी सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन कमी लागू पडतात) तरी. सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारे जे स्ट्रेन २०१५ पासून जपानमधून सुरू होऊन अनेक देशांत सापडले, त्या एफसी४२८ घराण्याची खूण पेन-ए ६० ही आहे. ती सापडली तर ट्रेंडची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कळवायचं.

## ९. पाठवायच्या आधी

लिहिताना प्रत्येक टक्क्याशेजारी "किती पैकी किती" द्या, स्टँडर्ड आणि त्याचं वर्ष द्या, पद्धत कधी बदलली ते ग्राफवरच उभ्या तुटक रेघेने दाखवा, खाली बारीक अक्षरात नको, तिथे कुणी वाचत नाही. नमुने कुठल्या जागांचे आणि कुणाचे ते एका वाक्यात. मग साफ केलेली शीट आणि मूळ शीट अशा दोन फाइली तारीख टाकून वेगवेगळ्या ठेवा आणि मूळ फाइल रीड-ओन्ली करा, कारण पुढच्या वर्षी ब्रेकपॉइंट परत बदलला तर पाचव्या टप्प्यापासून सगळं त्याच मूळ शीटवर पुन्हा करायचंय.